पडदा किती हातांवर असावा?

व्यापाऱ्याच्या डोळ्यांचा विचार आपल्या समाजात स्वतंत्रपणे फारसा झालेला नाही. धान्याची प्रत, कापडाचा पोत, सोन्याचा कस, नाण्याचा खरेखोटेपणा यांविषयीचे जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या पेढीवर साठत आले, त्याचा मुख्य आधार डोळाच होता. पण तो आपले काम बिनबोभाट करीत राहिला म्हणून त्याची विचारपूस करण्याचे कारण पडले नाही. आता ते पडले आहे. सायंकाळी दुकान बंद करताना डोळे चुरचुरतात, समोरच्या पाटीवरील अक्षरे क्षणभर पुसट दिसतात, मान अवघडते, कपाळ दुखते, ही तक्रार हल्ली मालकापासून नव्या उमेदवारापर्यंत सर्वांच्या तोंडी ऐकू येते. संगणक आला म्हणून हे झाले, एवढे म्हणून सर्वजण मोकळे होतात. आम्हांस ते निदान अपुरे वाटते. पडदा आला हे खरे. परंतु तो किती अंतरावर आला, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

बेळगावच्या रविवार पेठेत काय किंवा इंदूर-बडोद्याच्या जुन्या बाजारांत काय, पूर्वीच्या पेढीवरील दिवाणजींची बैठक आठवून पाहावी. गादी, पाठीशी तक्क्या, पुढे उतरते मेज, त्यावर उघडलेली रोजकीर्द. कागद डोळ्यांपासून सुमारे हातभर, म्हणजे अठरा इंच. बोरूची अक्षरे ठसठशीत. मान किंचित खाली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि दर थोड्या वेळाने उंबऱ्याशी कोणी आले की नजर आपोआप वर जाऊन रस्त्यापलीकडे पोहोचे. ही रचना कोणी नेत्रवैद्याने सांगितलेली नव्हती. पण डोळ्यांना हवे असलेले बहुतेक सर्व तीत होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि लहानसहान दुकानांचेही हिशोब कागदावरून पडद्यावर गेले. त्या घाईत पडदा कोठे ठेवावा याचा विचार करण्यास कोणास सवड होती? जेथे विजेचा खटका होता तेथे संगणक ठेवला गेला. बरेचसे काम तर आता हातातील मोबाइलवरच चालते.

यात नुकसान केवळ डोळ्यांचे नाही. ग्राहकाचा करक्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आठाचा आकडा आणि ‘बी’ हे अक्षर, पाच आणि ‘एस’, शून्य आणि ‘ओ’ यांची गल्लत थकलेल्या डोळ्यांकडून सहज होते. आणि तशी एक गल्लत झाली की समोरच्या व्यापाऱ्याची कराची वजावट अडते, पत्रव्यवहार वाढतो आणि वर्षानुवर्षांच्या संबंधांत विनाकारण कडवटपणा येतो.

डोळा जवळचे कसे पाहतो हे थोडे समजून घेतले पाहिजे. बुबुळामागे एक लवचीक भिंग असते व त्याभोवती एक बारीक वलयाकार स्नायू. दूर पाहताना हा स्नायू सैल असतो. वस्तू जवळ आली की तो आवळतो आणि भिंग फुगीर होते. त्याच वेळी दोन्ही डोळे नाकाकडे वळवावे लागतात. ते काम निराळ्या स्नायूंचे. या श्रमाचे माप ‘डायॉप्टर’ या एककात सांगतात, आणि त्याचा हिशोब अगदी सोपा आहे : एक मीटरवरील वस्तूस एक डायॉप्टर, अर्ध्या मीटरवरील वस्तूस दोन, तृतीयांश मीटरवरील वस्तूस तीन. आपल्या हाताच्या मापाने सांगावयाचे तर चार हातांवरील पडद्यास सुमारे अर्धा डायॉप्टर, दीड हातावरील पडद्यास दीड, एका हातावरील कीर्दीस सव्वादोन, आणि पाऊण हातावर धरलेल्या मोबाइलास सुमारे तीन. मोबाइल पाऊण हातावरच धरला जातो, हा आमचा अंदाज नव्हे. न्यूयॉर्क येथील नेत्रविद्येच्या संशोधकांनी २०११ साली प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा संदेश वाचताना सरासरी अंतर ३६.२ सेंटिमीटर व संकेतस्थळ वाचताना ३२.२ सेंटिमीटर भरले.

आता या खर्चासमोर जमेची बाजू मांडावी. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत जवळ पाहण्याची शक्ती बारा-तेरा डायॉप्टर असते. पंचेचाळिशीच्या सुमारास ती चारांवर येते आणि पन्नाशीत दोनांवर. आपल्या भाषेने वयाला आणि चष्म्याला ‘चाळिशी’ हे एकच नाव दिले, ते उगीच नाही. नेत्रतज्ज्ञांचा एक जुना दंडक असा की, सतत चालणाऱ्या कामात या शक्तीचा निम्माच भाग गुंतवावा आणि निम्मा शिलकीत ठेवावा. व्यापाऱ्यास हा दंडक समजावून सांगण्याची गरज नाही. सगळे भांडवल मालात अडकविणाऱ्याची गत काय होते हे तो जाणतो. पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थाजवळ चार डायॉप्टर असतील, तर त्याने दोनच वापरावेत. म्हणजे अर्ध्या मीटरच्या आत तास-दोन तास सतत पाहू नये. तोच गृहस्थ चष्मा न लावता मोबाइलवर दिवसभर बाजारभाव, बँकेचे संदेश आणि पावत्या पाहत असेल, तर त्याचा खर्च तीन डायॉप्टरचा होतो आणि शिलकीत एकच उरतो. संध्याकाळचे दुखणे हे या व्यवहाराचे व्याज आहे. डोळा त्यामुळे कायमचा बिघडतो असे मात्र नाही, एवढा दिलासा नेत्रतज्ज्ञ देतात.

दुसरी गोष्ट पापण्यांची. जपानमधील त्सुबोता व नाकामोरी या संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत असे दिसले की, स्वस्थ बसलेली माणसे मिनिटास सरासरी बावीस वेळा पापण्या मिटतात, पुस्तक वाचताना दहा वेळा, आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहताना केवळ सात वेळा. पापणी मिटली की डोळ्यावर ओलाव्याचा थर फिरतो. ती मिटली नाही की तो सुकतो. शिवाय पुस्तक खाली असते म्हणून पापणी अर्धी झाकलेली राहते. पडदा समोर किंवा वर असला की डोळा सताड उघडा राहतो आणि अधिक वाळतो. म्हणून पडद्याचा वरचा काठ डोळ्यांच्या पातळीस किंवा थोडा खाली असावा. कित्येक दुकानांत संगणक उंच फळीवर चढवून ठेवलेला दिसतो. जागा वाचते हे खरे; डोळे मात्र वाळतात.

येथे एका जुन्या भीतीचा उल्लेख केला पाहिजे. “पडद्याच्या जवळ बसू नको, डोळे जातील,” असे घरोघरी मुलांस सांगितले जाते. या समजुतीस एके काळी थोडा आधार मिळाला होता. १९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या काही रंगीत दूरचित्रवाणी संचांतून मर्यादेपेक्षा अधिक क्ष-किरण बाहेर पडतात असे आढळले. ते संच दुरुस्तीस घ्यावे लागले, आणि पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, तेथे किरणोत्सर्जनाच्या नियंत्रणाचा कायदा झाला. आजच्या चपट्या पडद्यांत ती उच्च दाबाची काचनळीच नसते. तेव्हा जवळ बसण्याचा दोष किरणांचा नसून वर सांगितलेल्या स्नायूंच्या श्रमाचा आहे.

पण मुले तरी पडद्याजवळ का सरकतात? मोठी माणसे तरी मोबाइल नाकाशी का धरतात? येथे या विषयाची दुसरी बाजू सुरू होते, आणि ती आम्हांस अधिक रंजक वाटते. पडदा जवळ आला की तो दृष्टीचा अधिक भाग व्यापतो, भोवतालची भिंत दिसेनाशी होते आणि पाहणारा चित्रात ओढला जातो. चित्रपटगृहाच्या मालकांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. अमेरिकेत घरोघरी दूरचित्रवाणी आली आणि तिकिटांची विक्री घसरू लागली, तेव्हा त्यांनी प्रेक्षकास घरी मिळणार नाही असा माल पुढे केला. ३० सप्टेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये सिनेरामाचा पहिला खेळ झाला. तीन प्रक्षेपक, एक खोल वळणदार पडदा आणि १४६ अंशांचा विस्तार. त्याच्या पुढील वर्षी सिनेमास्कोप आला. विकली जात होती ती कथा नव्हे. विकला जात होता दृष्टीचा कोन.

आपल्याकडे सिनेमास्कोप पद्धतीचा पहिला हिंदी चित्रपट म्हणजे गुरु दत्त यांचा १९५९ चा ‘कागज के फूल’. आज तो थोर मानला जातो, पण प्रदर्शित झाला तेव्हा धंद्यात साफ आपटला. याच्या उलट १९८७ च्या जानेवारीत सुरू झालेली ‘रामायण’ मालिका पाहावी. पडदा वीस इंची, कित्येक घरी कृष्णधवल; दिवाणखान्यात शेजारपाजारची तीस माणसे, शेवटचा उभा माणूस दारातून मान उंचावून पाहणारा. दृष्टीच्या कोनाच्या हिशोबाने ते चित्र म्हणजे दूरवर ठेवलेले एक पोस्टकार्डच. तरीही रविवारी सकाळी बाजारपेठा ओस पडत. तेव्हा पडद्याच्या विस्ताराने माणूस बांधला जातो, हे विधान जपून करावयास हवे.

आमचे मत असे की या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. विस्ताराचा परिणाम मुख्यतः शरीरावर होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील बायरन रीव्हज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५६, १३ व २ इंची अशा तीन पडद्यांवर चित्रे दाखवून प्रेक्षकांच्या हृदयाची गती व त्वचेवरील घामाचे प्रमाण मोजले. सर्वांत मोठ्या पडद्यावर लक्ष अधिक गुंतले, आणि चित्र मुळात उत्तेजक असेल तर उत्तेजनाही वाढली. हा शरीराचा प्रतिसाद झाला. जिव्हाळा ही बाब वेगळी; ती कथेने आणि शेजारी बसलेल्या माणसांनी येते, आणि तिचे माप फूटपट्टीने घेता येत नाही.

आता डोळ्यांची सोय आणि मनाची ओढ या दोन्ही बाजू एका त्रैराशिकात मांडता येतात. सहा इंची मोबाइल पाऊण हातावर धरला असता दृष्टीचा जेवढा भाग व्यापतो, तेवढाच भाग चार हातांवर किती इंची पडदा व्यापील? पाऊण हातास सहा, तर चार हातांस बत्तीस. पडद्यांच्या लांबीरुंदीचे प्रमाण अगदी सारखे नसते, म्हणून हिशोब ढोबळ समजावा. पण तात्पर्य स्पष्ट आहे. ज्या घरात बत्तीस इंची दूरचित्रवाणी भिंतीवर आहे, त्या घरातील मुलास मोबाइलच्या पडद्यावर तिच्याहून मोठे असे काहीच दिसत नाही. चित्राचा व्याप तोच. मात्र डोळ्यांचा खर्च तीन डायॉप्टरऐवजी जेमतेम अर्धा, म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. त्रेचाळीस इंची पडदा असेल, तर चार हातांवर तो मोबाइलहून तिसऱ्या हिश्श्याने मोठाच भासेल. पडदा जवळ ओढण्याऐवजी मोठा घेऊन दूर ठेवावा, एवढाच या त्रैराशिकाचा अर्थ. आणि चार हातांवरचा पडदा चौघांस पाहता येतो. पाऊण हातावरचा एकट्यास.

तो किती दूर, याचेही गणित ठरलेले आहे. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. जुन्या काचनळीच्या संचावर आडव्या रेषा थोड्या असत, म्हणून जवळ गेल्यास चित्र रेषारेषांचे दिसे आणि पडद्याच्या उंचीच्या सहापट दूर बसावे लागे. जपानच्या एनएचके संस्थेने उच्च प्रतीच्या दूरचित्रवाणीची आखणी करताना हे अंतर उंचीच्या तिपटीवर आणले, म्हणजे चित्राचा विस्तार सुमारे तीस अंशांचा झाला. त्रेचाळीस इंची पडद्याची उंची एकवीस इंच; तिप्पट म्हणजे सव्वापाच फूट, साडेतीन हात. त्याहून सूक्ष्म चित्राचे जे नवे संच आले आहेत, त्यांस दीडपट अंतरही चालते असे शास्त्र सांगते. परंतु ते चित्राच्या स्वच्छतेपुरते. मानेच्या सोयीचा विचार केल्यास एवढ्या जवळ बसण्याची शिफारस आम्ही करणार नाही. विक्रेत्याच्या अरुंद दुकानात पाहिलेला पडदा घरी आणल्यावर लहान वाटतो. म्हणून खरेदीपूर्वी भिंत ते बैठक हे अंतर मोजून न्यावे.

पेढीवरील पडद्यास दीड हात अंतर योग्य. तज्ज्ञ वीस ते अठ्ठावीस इंच सांगतात, ते याच्याशी जुळते. परंतु केवळ अंतर सांगून भागत नाही, याचा अनुभव कोणासही घेता येईल. कारकुनास मागे सरकून बसावयास सांगावे. पाच मिनिटांत तो पुन्हा पुढे झुकलेला दिसेल. दोष त्याचा नसतो, अक्षराचा असतो. माणूस पडद्यापासून किती दूर बसेल हे खुर्ची ठरवीत नाही, सर्वांत बारीक अक्षर ठरविते. दीड हातावरून सुखाने वाचण्यास इंग्रजी मोठ्या अक्षराची उंची निदान चार मिलिमीटर हवी. आपल्या लिपीस मात्रा, वेलांट्या, रफार यांचे ओझे असल्याने आम्ही ती थोडी अधिकच ठेवू. अक्षर मोठे करण्यास पैसा पडत नाही. एका पडद्यावर दहा ओळी कमी मावतात, इतकेच.

दुकानाचा दर्शनी भाग उघडा असल्यामुळे उजेडाचा प्रश्न आपल्याकडे विशेष असतो. रस्त्याकडे पाठ करून बसल्यास पडद्यावर रस्ताच दिसतो. रस्त्याकडे तोंड करून बसल्यास पडद्यामागचा प्रखर उजेड डोळ्यांत येतो. पडदा दाराशी काटकोनात ठेवणे हाच उपाय. तसे केल्याने आणखी एक लाभ होतो : नुसती मान वळवली की समोरच्या दुकानाची पाटी दिसते. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, अशी एक सोपी शिफारस नेत्रवैद्य करतात. पेठेतील रस्त्यापलीकडची पाटी बहुधा तेवढ्याच अंतरावर असते. ग्राहक आल्याने कामात खंड पडतो म्हणून आपण कुरकुरतो. दिवाणजींच्या डोळ्यांस तोच खंड विश्रांती देत होता. चित्रपटास मध्यंतर असते, मोबाइलास नसते.

चष्म्याविषयी दोन शब्द. दूरचे वर आणि जवळचे खाली असा दुहेरी किंवा क्रमशः बदलणाऱ्या काचेचा चष्मा लावणारे पुष्कळ सभासद संगणकापुढे हनुवटी वर करून बसतात, कारण खालच्या भागातूनच त्यांस नीट दिसते. मग मान दुखते. ज्यांचे दिवसाचे चार-सहा तास पडद्यापुढे जातात, त्यांनी नेत्रवैद्याकडे जाताना आपल्या पडद्याचे अंतर टेपेने मोजून न्यावे आणि त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. हा खर्च सार्थकी लागणारा आहे. निळा प्रकाश अडविणाऱ्या काचांविषयी आम्हांस तसे म्हणता येत नाही. कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली सतरा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. पडद्यापुढील डोळ्यांचा शीण अशा काचांनी निदान अल्प मुदतीत कमी होत नसावा, असा त्याचा निष्कर्ष होता. आपण व्यापारी आहोत. मालाचा गुण सिद्ध होण्याआधी त्याची किंमत चढलेली ओळखता आली पाहिजे.

मुलांच्या बाबतीत प्रश्न शिणाच्या पुढे जातो. वाढत्या वयात डोळा लांबट होऊन दूरचे अंधुक दिसू लागणे, म्हणजे लघुदृष्टी, ही कायमची गोष्ट आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांस शाळेत रोज चाळीस मिनिटे अधिक बाहेर नेण्यात आले. तीन वर्षांनी, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, त्यांच्यात नव्याने लघुदृष्टी आलेल्यांचे प्रमाण ३०.४ टक्के, तर इतर मुलांत ३९.५ टक्के होते. औषध नाही, यंत्र नाही, केवळ उघड्यावरचा उजेड आणि दूरची नजर. सुट्टीतील दुपारी मुलास गप्प बसविण्यासाठी मोबाइल हाती देणाऱ्या आईबापांनी व आजी-आजोबांनी हे आकडे मनावर घ्यावेत.

आपल्या मुनींच्या ईर्या समितीत चार हात भूमी पाहून चालावे असे सांगितले आहे. त्याचा हेतू जीवदया हा आहे. त्यात नेत्रविज्ञान शोधण्याचा आटापिटा आम्ही करणार नाही. तरी दृष्टी कोठवर ठेवावी याचे माप ज्या परंपरेने हातांत सांगून ठेवले, तिच्या अनुयायांस पडद्याचे अंतर हातांनी मोजणे जड जाऊ नये. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे जे नेमाने पाळतात, त्यांच्या डोळ्यांस पडद्यापासून सलग विश्रांती अनायासे मिळतेच.

जाता जाता आपल्या सभागृहाची गोष्ट. वार्षिक सभेत ताळेबंद व छायाचित्रे पडद्यावर दाखविण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. पडदा सहा फूट उंच असेल, तर पहिली रांग निदान बारा फुटांवर असावी, आणि ज्यांस आकडे वाचावयाचे आहेत अशी शेवटची रांग छत्तीस फुटांच्या आत. प्रत्यक्षात आपण सन्माननीय पाहुण्यांचे कोच पडद्याखाली सहा-सात फुटांवर मांडतो, आणि ज्येष्ठ मंडळी दोन तास मान वर करून बसतात. चित्रपटगृहात सर्वांत स्वस्त तिकीट त्याच जागेचे असते. यंदाच्या सभेत कोच तिसऱ्या रांगेच्या जागी मांडावेत आणि पुढील सतरंजी मुलांनी न बळकावावी म्हणून तेथे फुलांच्या कुंड्या ठेवाव्यात, अशी सूचना आम्ही व्यवस्थापक मंडळाकडे या लेखाद्वारे करीत आहोत.